दवाखान्याच्या जीपचा कॉम्प्रेसर

“कॉम्प्रेसर?” स्टोअरबाईंनी विचारलं.

“आहे,” ड्रायव्हरदादा म्हणाले.

दरवर्षी हा विषय इथेच संपायचा. बाई रजिस्टरात खूण करायच्या आणि जॅक, पाना, ओढायचा दोर असं पुढचं पुढचं विचारत जायच्या. पण या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी तपासणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवला होता: चालू की बंद. बाईंनी पेन तसंच धरून विचारलं, “चालतो ना?”

दादांनी जीपच्या मागच्या दाराकडे बघितलं, मग बाईंकडे, मग उगाचच रुमाल काढून कपाळ पुसलं.

“असतो तो जागेवर.”

“जागेवर असतो ते ऐकलं. चालतो का?”

“तसा... नाही चालत.”

“कधीपासून?”

“झाले की दिवस.”

“दादा, कधीपासून?”

“तीन वर्षं होतील,” दादा म्हणाले आणि घाईघाईने पुढे सांगून टाकलं, “पण आहे मात्र. तुम्ही ‘आहे का’ विचारायच्या, मी ‘आहे’ म्हणायचो. खोटं काही बोललो नाही.”

बाईंना हसावं की रागवावं ते कळेना. त्यांनी कॉम्प्रेसर बाहेर काढायला लावला. फडक्यात गुंडाळलेला, पुसूनबिसून ठेवलेला, नव्यासारखा लखलखीत. वायर मात्र टोकाशी वितळून काळी पडली होती.

बाई सव्वीस वर्षं या धर्मादाय दवाखान्याचं भांडार सांभाळत होत्या. कापूस, बँडेज, चादरी, फिनेल, बल्ब, खराटे. काय कुठल्या फळीवर आहे ते त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. त्यांच्या कारकिर्दीत दवाखान्याला कधी काही कमी पडलं नव्हतं, आणि याचा त्यांना मनातल्या मनात मोठा अभिमान होता. हा कॉम्प्रेसरही त्यांनीच घेतलेला. पुस्तिकेतलं चित्र बघून, सगळ्यात स्वस्त म्हणून.

“मग तीन वर्षं हवा कशाने भरताय?”

दादांनी सीटखालून पायपंप ओढून काढला. त्याची पट्टी बुटाने घासून घासून चकचकीत झाली होती.

गाडीतलं बाईंना फारसं कळत नसे, पण एवढं ठाऊक होतं: ही जीप आठवड्यातून दोनदा नदीपलीकडच्या वस्त्यांवर जाते. नदीला पूल नाही. पाणी घोटाभर, पण पात्र रुंद आणि सगळी रेती. भरल्या चाकांनी गेलं तर जीप रुतून बसते, म्हणून काठावर थांबून चारही चाकांची हवा निम्मी करायची. रेती संपली की पलीकडे धारदार दगडांचा रस्ता. तिथे कमी हवेवर गाडी हाकली तर टायर फाटलाच. म्हणून परत हवा भरायची. येताना पुन्हा तेच. आणि या जीपची चाकं काही स्कूटरची नव्हेत, बाईंच्या कमरेला लागतील एवढी मोठी.

“जाता-येता? चारही चाकं? पायाने?”

“सवय झाली आता.”

“अहो, पण बिघडला तेव्हाच का नाही सांगितलंत? मी परत केला असता, भांडून बदलून आणला असता!”

दादा पायपंपाची नळी गुंडाळू लागले. नजर वर न करता म्हणाले, “घेऊन आलो होतो की तुमच्या खिडकीशी. तुमच्या आई तेव्हा वरच्या वॉर्डात होत्या. तुम्ही रात्री तिथे आणि दिवसा इथे. मी आलो तर तुम्ही रजिस्टरवर डोकं टेकून... डोळा लागला होता तुमचा. थोडा वेळ उभा राहिलो. मग गेलो परत.”

बाईंनी हातातलं रजिस्टर मिटलं आणि पुन्हा उघडलं.

“नंतर आई गेल्या तुमच्या,” दादा म्हणाले. “तेव्हा कसं विचारायचं? आणि त्यानंतर गॅरंटी संपली. मग राहिलंच.”

बाईंनी तक्त्यात ‘बंद’ लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

दुसऱ्या दिवशी त्या दादांना घेऊन बाजारातल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने तीन कॉम्प्रेसर काउंटरवर मांडले. पहिला मोबाइलसारखा चार्ज करायचा, हातात मावणारा, निळे आकडे चमकवणारा. दुसरा गाडीतल्या सिगारेट लायटरच्या खाचेत लावायचा. तिसरा काळा, बोजड, दोन मोठे चिमटे लोंबणारा. त्याच्याकडे बघून प्रेम वाटावं असं काही नव्हतं.

“बाई, डोळे झाकून हा पहिला घ्या,” दुकानदार म्हणाला. “आकडा टाकला की भरून आपोआप बंद. सगळे हाच नेतात.”

“दादा, तुम्हाला काय वाटतं?”

“तुम्ही घ्याल तो चांगलाच असेल.”

“मागच्या वेळचा मीच घेतला होता,” बाई म्हणाल्या. “आता तुम्ही बोला.”

दादा संकोचून गेले. सव्वीस वर्षांत त्यांना सामान देताना सही मागितली गेली होती, मत नव्हे. थोडा वेळ ते तिन्ही यंत्रं उचलून, हलवून बघत राहिले आणि मग एकदम बोलते झाले. “घरच्या गाडीचं चाक थोडं बसलं तर यातलं कुठलंही चालेल. आपलं तसं नाही. आपल्याला हवा अठरा पौंडांवरून पस्तीसवर न्यायचीय, चार मोठी चाकं, लागोपाठ, उन्हात. एक चाक भरून धापा टाकणारा नको. आणि नळी मागच्या चाकापर्यंत पोचली पाहिजे. नाही पोचली तर सगळं फुकट.”

“ऐकलंत?” बाई दुकानदाराला म्हणाल्या. “जीप बाहेर उभी आहे. भरून दाखवा.”

“इथे? दुकानासमोर?”

“मग काय नदीवर येताय?”

दादांनी दुकानाच्या दारातच चारही चाकांची हवा सोडली. फुसफुस आवाज ऐकून शेजारचा चहावाला आला, सायकलवाला थांबला, समोरच्या कापडदुकानातली दोन माणसं पायरीवर येऊन उभी राहिली. निळ्या आकड्यांच्या यंत्राने पहिलं चाक झोकात भरलं. दुसऱ्या चाकाच्या मध्यावर आवाज बारीक झाला, आकडे मिणमिणले आणि यंत्र गप्प झालं.

“चार्जिंग कमी असेल,” दुकानदार म्हणाला.

“सकाळीच चार्ज करून ठेवलाय असं आत्ताच सांगत होतात ना?” चहावाल्याने आठवण करून दिली. दुकानदाराने त्याच्याकडे असं बघितलं की उद्यापासून चहा बंद.

भरलेल्या चाकावर यंत्र पस्तीस म्हणालं होतं. दादांनी खिशातलं स्वतःचं हवा मोजायचं माप लावलं. एकतीस.

दुसऱ्या यंत्राची नळी मागच्या चाकाला वीतभर कमी पडली. पुढच्या चाकावर लावलं, तर तीन मिनिटांत फ्यूज उडाला. वितळलेल्या प्लास्टिकचा वास आला आणि दादा हळूच म्हणाले, “हाच वास. मागच्या वेळी हाच आला होता.” लायटरच्या खाचेला एवढा भार सोसत नाही, हे त्यांनी बाईंना समजावून सांगितलं. मोठं काम असेल तर वीज सरळ बॅटरीवरूनच घेतली पाहिजे.

मग त्यांनी भरलेली हवा पुन्हा सोडली, बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं, आणि त्या काळ्या बोजड यंत्राचे चिमटे बॅटरीला लावले. लाल लालला, काळा काळ्याला. यंत्र एवढ्या मोठ्याने धडधडलं की कापडदुकानातल्यांनी कानावर हात ठेवले. पण एक चाक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्यानंतर बाईंनी त्याच्या अंगाला बोट लावून बघितलं. तापलं होतं, पण हात ठेवता येत होता. दादांच्या मापाने चारही चाकं पस्तीस.

“किती वेळ लागला?” बाईंनी विचारलं.

“बावीस मिनिटं,” सायकलवाला म्हणाला. तो घड्याळ लावूनच उभा होता.

“आणि पायाने?”

दादांनी बॅटरीचे चिमटे काढले. “तास. वय झाल्यापासून थोडा जास्त.”

बाईंनी तोच घेतला. आणि दादांना म्हणाल्या, “परवा मी पण येते. नदीवर चालवून बघितल्याशिवाय ‘चालू’ असं मी यापुढे लिहिणार नाही.”

सव्वीस वर्षांत बाई पहिल्यांदाच त्या जीपमधून नदीकडे निघाल्या. पुढे दादा आणि वस्त्यांवर औषधपाणी करणाऱ्या सिस्टर, मागे औषधांच्या पेट्यांमध्ये बाई. पेट्यांवरची अक्षरं त्यांचीच होती. नदी आली. दादांनी हवा सोडली आणि जीप रेतीतून अशी नेली की जणू गाडी पोहत होती. पलीकडच्या काठावर बॉनेट उघडलं. यंत्र धडधडू लागलं तसं दादा दोन्ही हात मोकळे सोडून बाजूला उभे राहिले. त्या हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

“दादा,” बाई त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या, “त्या दिवशी मला उठवायचं होतंत.”

“झोपलेल्या माणसाला हवेसाठी काय उठवायचं?”

बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. आईच्या आजारपणात नातेवाइकांनी फोन केले होते, शेजाऱ्यांनी डबे दिले होते, त्या सगळ्यांचे आभार त्यांनी आठवणीने मानले होते. आणि एक माणूस तीन वर्षं या काठावर उन्हात पाय मारत राहिला होता, त्यांची एक डुलकी मोडू नये म्हणून. त्याचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे? त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. दादांनी घेतली, प्यायले, झाकण लावून परत दिली.

सिस्टर तोवर रुग्णांची वही चाळत होत्या. “बाई, हे बघा,” त्यांनी एक पान दाखवलं. वस्तीवरच्यांकडून कळलेल्या नावांपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: येऊन परत गेले. “ही माणसं लांबून चालत येतात. ऊन चढलं की थांबत नाहीत, कामावर जातात. आपण पोचेपर्यंत निम्मी गेलेली असतात. आज बघू.”

त्या दिवशी जीप वस्तीवरच्या शाळेच्या व्हरांड्यासमोर थांबली तेव्हा रांग अख्खी होती. जागा धरायला ठेवलेल्या प्रत्येक दगडामागे तो ठेवणारा माणूस उभा होता. एक म्हातारी पुढे येऊन सिस्टरना म्हणाली, “आज लवकर कशा काय आलात गं? मी आपली दोनदा येऊन गेले, एकदाही भेटला नाहीत.” तिच्या पायाची जखम सिस्टरनी धुतली तेव्हा बँडेजची गुंडाळी बाईंनी स्वतः उलगडून दिली. आपल्या फळीवरचं बँडेज शेवटी कुठे जातं ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

एरवी दादा इथे पोचले की जीपच्या सावलीत आडवे व्हायचे. आज दमलेले नव्हते. त्यांनी काच पुसली, आरसा पुसला, पुसलेली काच परत पुसली. मग हळूच जाऊन रांगेच्या शेवटी बसले.

“काका, तुम्ही पण?” पुढचा माणूस हसून म्हणाला.

“आज वेळ आहे,” दादा म्हणाले.

त्यांचा नंबर आला. सिस्टरनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. मग दुसरा दंड मागितला.

“दादा, छातीत कधी दुखतं?”

“दुखत नाही. पंप मारताना दाबल्यासारखं व्हायचं. थांबलो की जायचं.”

“कधीपासून?”

“झाले की दिवस.”

बाईंच्या हातातली गुंडाळी तशीच राहिली. सिस्टरनी पेटीतून गोळी काढून दादांना घ्यायला लावली आणि किल्ली मागितली.

“गाडी मी चालवणार. आपण सरळ मोठ्या डॉक्टरांकडे जातोय.”

“अहो सिस्टर, ही जीप माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही!”

“तुम्ही मागे बसून तिला सांगा.”

पुढे मोठ्या डॉक्टरांनी दादांना शहरात पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस पंप मारला असता तर तिथेच काठावर काहीतरी झालं असतं. वेळेवर आलात. औषधं लागू पडली आणि दादा बरे झाले. जीपवर मात्र दुसरा ड्रायव्हर आला आणि दादा बाईंच्या भांडारात बसू लागले. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.

रेतीत दादा मागून सांगत राहिले, “गिअर बदलू नका. थांबू नका. चाकाला त्याच्या मनासारखं जाऊ द्या.” सिस्टर घामाघूम झाल्या, पण जीप पार झाली.

अलीकडच्या काठावर बाई खाली उतरल्या. बॉनेट उघडताना बोट चिमटलं, पण त्यांनी आवाज केला नाही. लाल लालला, काळा काळ्याला. मागे दाराची कडी वाजली. त्यांनी वळून बघितलं. दादांचा हात कडीवर होता, एक पाय उतरायच्या बेतात. क्षणभर ते तसेच राहिले. मग त्यांनी पाय आत घेतला आणि दार लावून घेतलं.

बाईंनी एकेक चाक भरलं. पदर खोचून, गुडघे टेकून, दादांचंच माप लावून. चौथ्या चाकाशी त्या वाकल्या तेव्हा खिडकीतून आवाज आला.

“बाई, मागच्या दोन्ही चाकांना दोन-दोन जास्त. आज मागे माणूस बसलाय.”

बाईंनी मान हलवली आणि दोन-दोन जास्त भरली.