चौकातला बाक

आपल्या लेकीच्या, चिंगीच्या, मुठीतून मटाराचा दाणा सोडवून घेताना तिने दुसऱ्या हाताने नकाशाचं टोक दाबून धरलं. पंख्याच्या वाऱ्याने तो सारखा फडफडत होता. भोकाड पसरावं की नाही याचा चिंगीने क्षणभर विचार केला आणि मग ती टेबलाखाली आजीच्या चपलेशी खेळायला गेली.

"घशात अडकला असता म्हणजे?" ती म्हणाली.

"तुझ्या कधी नाही अडकला," आई मटार सोलता सोलता म्हणाली. "तू नाकात घालायचीस."

बाबा चष्मा कपाळावर चढवून हसले. शेंगांच्या टरफलांचा ढीग त्यांनी कोपराने सरकवला आणि नकाशासाठी आणखी जागा केली.

सहल बाबांसाठी होती. त्यांच्या वाढदिवसाला घड्याळं आणि शर्ट देऊन झाले होते, म्हणून या वर्षी तिने ठरवलं होतं की त्यांना त्या लहानशा गावाला न्यायचं. शेताडीतून जाणारी गाडी, नदी, जुना पूल. ती पाच वर्षांची असताना एका उन्हाळ्यात बाबा दर रविवारी तिला तिथे न्यायचे. तो उन्हाळा तिने मैत्रिणींना सांगितला होता, नवऱ्याला लग्नाआधीच सांगितला होता, आणि चिंगीला तर झोपवताना रोज सांगायची. बेकरीतला गरम गोल पाव, वर साखर. नावेत बसल्यावर पाण्यात सोडलेला हात. पाणचक्कीचा तो धडधडणारा आवाज, ज्याला ती घाबरायची आणि तरी पुन्हा जाऊ या म्हणायची.

आई त्या उन्हाळ्यात नव्हती. मावशीच्या बाळंतपणाला गेली होती. "तू आम्हाला टाकून गेलीस ते बरंच झालं," असं ती आईला अजून चिडवायची. घरातली जुनी थट्टा होती ती, पण चिंगी झाल्यापासून तिला त्यातलं कुसळ टोचू लागलं होतं. शेजारणीकडे चिंगीला तासभर ठेवून बँकेत जायचं तरी तिचा जीव टांगणीला लागायचा. मग सबंध उन्हाळा? दुसऱ्याच्या बाळासाठी? हे विचारायचं धाडस तिला होत नव्हतं, म्हणून ती थट्टाच जरा जोरात करायची.

"तर ऐका," ती म्हणाली. "सकाळी बेकरी. मी फोन केला होता, जुन्या मालकाची सून चालवते. फार बोलकी बाई आहे. मग पाणचक्की, मग नदीकाठच्या खानावळीत जेवण. चिंगी तिथेच झोपेल. ऊन उतरलं की नाव."

"मॅडम," बाबा म्हणाले, "तुमच्या सहलीत लघवीला जायला वेळ ठेवलाय का?"

"ठेवलाय. दोनदा."

"आणि राहायचं कुठे?"

"ते बघतेय. बेकरीवाली म्हणत होती, चौकातल्या पिवळ्या इमारतीत आता लॉज झालंय. पण पूर्वी तिथे छातीच्या रोग्यांचं रुग्णालय होतं म्हणे. मी नाही म्हटलं. कितीही धुतलं पुसलं तरी चिंगीला घेऊन तिथे नको."

आईच्या बोटांतली शेंग तट्कन फुटली. दाणे भांड्याबाहेर उडाले. तिने ते एकेक करून वेचले.

"जेवण बाकावर," बाबा म्हणाले.

"कुठल्या?"

"चौकातल्या. दगडी. तिथेच खायचो आपण."

तिला तो बाक आठवत होता. त्याच्यावर तिला उभं करून बाबा बडबडगीतं म्हणायला लावायचे. गिरकी घे, म्हणायचे. टोपी काढून हलव. मोठ्याने, अजून मोठ्याने. येणारे-जाणारे हसायचे. ती मान वर करून ओरडायची, कारण बाबा सांगायचे, वर बघून म्हटलं की आवाज मोठा निघतो.

"अहो पण बाबा, हे बघा ना." तिने पेन्सिलीने दाखवलं. "बेकरी इथे, चक्की इथे, नाव इथे. सगळं नदीला धरून. चौक पार या टोकाला. स्टेशनसुद्धा उलट्या बाजूला. आणि तुम्ही तर मला दोनदा न्यायचात. जेवायला आणि परतताना. एवढ्याशा पोरीची कसली ही पायपीट?"

"पाय मोकळे व्हायचे," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

"काहीतरीच. आणि भर दुपारी त्या चौकात चिंगीला ऊन लागेल. आई, तूच सांग ना यांना. आणि तूही चल म्हणतेय मी, तर तुझं आपलं नाहीच."

"मी कशाला? तुमची बापलेकीची सहल ती."

"तेही खरंच. तुला काय माहीत म्हणा तिथलं. तू होतीस कुठे?"

"दुपारी ऊन नसतं त्या बाकावर," आई भांड्यात बघत म्हणाली. "इमारतीची सावली येते. आणि यांना कसलं आलंय ऊन, टक्कल तेव्हा बटणाएवढंच होतं. माथ्यावर, मागे. समोरून कुणाला कळायचंही नाही. तुझ्या टोपीचा लाल गोंडा मात्र सुटत आला होता. दर वेळी वाटायचं, कुणीतरी एक टाका घालावा त्याला."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

बाबा चष्मा पुसतच होते. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. टेबलाखाली चिंगी चपलेला काहीतरी समजावून सांगत होती.

तिने बाबांच्या डोक्याकडे पाहिलं. मग नकाशावरच्या चौकाकडे.

"कितवा मजला?" तिने विचारलं.

"तिसरा," आई म्हणाली. "कडेची खिडकी."

"पोरांना आत सोडत नसत," बाबा म्हणाले. "म्हणून."

"मग मावशीचं बाळंतपण?"

"मावशीला मूल झालं होतंच की. ते खरं होतं."

ती हसली. "इतकी वर्षं मी... तुम्ही बोलला का नाहीत?"

"आधी तू लहान होतीस," बाबा म्हणाले. "आणि नंतर तू जगभर सांगत सुटलीस, माझ्या आयुष्यातला सगळ्यात छान उन्हाळा म्हणून." त्यांनी आईकडे पाहिलं. "ही म्हणाली, राहू दे तो तसाच."

आईने सोललेले दाणे उगाचच एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले. चिंगी टेबलाखालून बाहेर आली आणि तिच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. तिने सवयीने लेकीच्या कपाळाला हात लावला, आणि मग तो तिथेच राहू दिला.

"त्या लॉजला फोन करते," ती म्हणाली. "तिसरा मजला मागते. कडेची."

"नको," आई म्हणाली. "तिथून पुष्कळ बघून झालंय." ती जरा थांबली. "तो बाक तेवढा आहे का अजून, ते विचार."

तिने बेकरीचा नंबर लावला. पलीकडून आधी भांड्यांचा आवाज आला, मग ती बोलकी बाई.

"मी परवा बोलले होते ना, सहलीचं. चौकातला दगडी बाक आहे का हो अजून?"

"आहे की! त्याला कोण हलवणार? का, बसायला येताय? पाव बाकावरच आणून देते. किती जण आहात, तीनच ना?"

तिने आईकडे पाहिलं. आईने पदराला हात पुसले होते आणि मान वर केली होती.

"चौघं," ती म्हणाली. "माझी आई येतेय."