बसवून मोफत

"धंदा म्हणजे कुटुंब, आणि कुटुंबात हिसकाहिसकी नसते," असं म्हणून शेठनी फितीला कात्री लावली. फीत कापली गेली नाही. कात्री त्यांच्याच गोदामातली होती. अखेर त्यांनी फीत दातांनी तोडली आणि टाळ्या झाल्या.

शेठ कुलपांचे घाऊक व्यापारी. आजपासून ते घरोघरी कुलपं बसवूनही देणार होते, तेही फुकट. मागे उभा असलेला दुकानदार इतकी वर्षं त्यांच्याकडूनच माल उचलत आला होता. कुलूप विकून त्याचे चहापुरते पैसे सुटायचे. घर चालायचं ते बसवण्याच्या मजुरीवर.

"कुंपण शेत खातं, ऐकलं होतं," त्याची बायको कुजबुजली. "वर शेतालाच जेवायला बोलावतं, हे नवीन."

पाहुणे पांगल्यावर शेठ दोघांना आपल्या केबिनपाशी घेऊन गेले. दाराला नवंकोरं कुलूप होतं. दार ओढलं की आपोआप लागणारं, नव्या टीमने बसवलेलं पहिलंच. पहिलटकरणीने बाळाला थोपटावं तसं शेठ त्याला थोपटत राहिले. दुकानदाराने पाहिलं. कुलूप उलटं बसलं होतं. फिरवायची मूठ बाहेर, किल्लीचं भोक आत. सांगायला त्याने तोंड उघडलं, पण शेठना दम निघत नव्हता. दुकानदाराने आता नुसतं विकावं, बायकोच्या हातातल्या पिशवीतलं ड्रिल आणि पटाशा टीमला देऊन टाकाव्यात, उगाच गंजतील, असं त्यांनी मायेने समजावलं.

"आणि मी काय करू?"

"तू गल्ल्यावर बस. तुझा चेहरा हसरा आहे."

दुकानदार खरोखरच हसला.

"दार लावून दाखवा ना, शेठ. आवाज ऐकू दे."

शेठ ऐटीत आत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. आवाज फारच सुरेख झाला. मग खडखड झाली. मग धडधड. किल्ली बाहेर हारांच्या ताटात पडली होती.

"अरे, मूठ फिरव बाहेरून."

"कुलपाला हात लावायचा म्हणजे सेवा आली, शेठ. ती आता तुमच्याकडे. टीमला बोलवा."

"टीम पहिल्या ऑर्डरवर गेलीय."

"मग येईलच. चकटफू," म्हणत बायकोने हत्यारांची पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली.

दोघं जिन्यापर्यंत पोचली, तेव्हा आतून आवाज आला. भाषणातला नव्हे, साधा.

"बरं, राहू दे. पंख्याचं बटण बाहेर आहे. तेवढं दाबून जाता का?"