पारंबी टेकायच्या आत

दक्षिणेकडच्या उडनगुडी गावच्या लाल वाळूत ताड उभा राहायला वीस वर्षं लागतात आणि वडाला तो मारायला दहा पुरतात. वटवाघळं आणि मैना वडाची लाल फळं पोट फुटेस्तोवर खातात, ताडाच्या शेंड्यात बसून हगतात, आणि झावळ्यांच्या बेचक्यात साठलेल्या चिमूटभर कचऱ्यात बी रुजतं. त्याला ना जमीन लागते ना मालकाची परवानगी.

इसक्कीमुत्तूच्या अकरा ताडांतल्या मधल्या ताडावर असाच एक वड बसला होता. रोज ताड चढून नीरा उतरवणारा माणूस असलं रोप दिसताच उपटतो. पण या ताडाला इसक्कीने चार वर्षं विसावा दिला होता आणि वर जाणंच झालं नव्हतं. खालून हिरवं दिसायचं तेव्हा तो उद्या बघू म्हणायचा. त्या उद्याची पारंबी आता खोडाशेजारून लोंबत जमिनीपासून वीतभर अंतरावर आली होती.

गावचा रिवाज जुना. पारंबी मातीला टेकेपर्यंत वड म्हणजे तण, खुशाल कापा. टेकली की तो माडन देवाचा, आणि त्याच्या फांद्यांखाली येईल ती जमीनही देवाची. देव काही नांगर धरायला येत नाही. जमीन खातो पुजारी, आणि पुजारी होता कोंबैया, इसक्कीच्या बायकोचा, पेचीचा, सख्खा भाऊ. एका विधवेचे नऊ ताड त्याने असेच गिळले होते.

त्या सकाळी पेचीने ताडगुळासाठी चुलीवर नीरेची काहील चढवली आणि इसक्की कोयता घेऊन मधल्या ताडाकडे गेला. पाहतो तो बुंध्याशी ओल्या मातीचा ढीग, त्यात पारंबीचं टोक खुपसलेलं, आणि शेजारी कोंबैया काखेत कोंबडा मारून उकिडवा बसलेला.

"टेकली, दाजी," कोंबैया म्हणाला. "पाया पडा आता."

"टेकली नाही, टेकवलीस. माती उठून पारंबीकडे गेलेली मी तरी अजून पाहिली नाही."

"देवाची करणी."

"देवाच्या नखांत चिखल नसतो. हात दाखव तुझे."

कोंबैयाने हात मागे घेतले. इसक्कीने लाथेसरशी ढीग उडवला आणि पारंबी मुठीत धरून कापली. पांढरा चीक त्याच्या मनगटावरून ओघळला. कोंबैया घुमू लागला. खरं अंगात आलं होतं की सोंग होतं, ते त्याचं त्याला ठाऊक. कोंबडा सुटून पळाला आणि त्याचा बळी द्यायला आणलेला कोंबैयाचा कोयता इसक्कीच्या उजव्या हातावर पडला. तीन बोटं वाळूत पडली.

पेची धावत आली ती हातातल्या डावासकट. डावभर उकळता पाक तिने भावाच्या तोंडावर फेकला. ताडगुळाचा पाक पाण्यासारखा वाहून जात नाही, कातडीला चिकटून बसतो. कोंबैया वाळूत गडबडा लोळला, तशी वाळूही गालाला चिकटली आणि ती ओरबाडताना कातडी हातात आली. इसक्की त्याच्या छातीवर बसला आणि डाव्या हाताने त्याच्या गळ्याला कोयता लावला. पेचीने नवऱ्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"सोडा. मी भाजलाय त्याला, तेवढं पुरे. भाऊ आहे माझा."

कोयता गळ्यात थोडा रुतला, रक्ताची रेघ आली, आणि इसक्की उठला. पेचीने पदर फाडून त्याचा हात आवळून बांधला आणि दवाखान्यात चला म्हणून त्याला ओढू लागली. तो हलेना. वड वर जिवंत होता आणि पुजाऱ्याच्या धाकाने दुसरा कोणी तो उपटायला चढणार नव्हता. एक पाऊस पडला की कापल्या टोकाला नवी मुळं फुटणार, आणि मग अकराच्या अकरा ताड जाणार.

कोंबैयाचा एक डोळा मिटला होता. दुसऱ्याने त्याने इसक्कीच्या हाताकडे पाहिलं आणि पडल्या पडल्याच म्हणाला, "चढा की, दाजी. पारंबी टेकेपर्यंत मी थांबतो."

इसक्कीने कोयता दातांत धरला आणि ताडाला मिठी मारली. पायांनी खोड धरलं, पण उजवा हात धरेना. रक्ताने खोड बुळबुळीत झालं. तिसऱ्यांदा तो पुरुषभरही वर न जाता घसरत खाली आला आणि बायकोसमोर ढसाढसा रडला.