कानपिळी

लग्नात नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ अशी तंबी द्यायची आणि वर त्याच्याकडून अहेरही उकळायचा, ही आमच्यातली रीत. माझा धाकटा भाऊ श्रीरंग पाळण्यात होता तेव्हापासून मी या कानपिळीची वाट पाहत होते. आणि लग्न तोंडावर आलं तेव्हा हा सतरा वर्षांचा दिवटा म्हणतो, "ताई, मी स्टेजवर नाही येणार. शशिकांतदादाला सांग ना, यार."

शशिकांत आमचा चुलतभाऊ, चांगला मुलगा. पण मला माझा भाऊ हवा होता.

कारण काय, तर याचे कान. बाबांचे कान मोठे आणि बाहेर आलेले, ते तसेच्या तसे आम्हा दोघांना मिळाले. त्याच कानांनी बाबांनी केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म काढला, त्यांचं कुठे काही अडलं नाही. पण श्रीरंगच्या फोनमध्ये दिवसभर एकाच साच्यातून काढलेली मुलं दिसतात. शिवाय चेहऱ्याला मार्क देणारं एक ॲप आहे. त्याने याला दहापैकी चार दिले. तेव्हापासून गाझियाबादच्या उन्हाळ्यात हा घरातही हेडफोन चढवून बसायचा, गाणी न लावता. कान डोक्याला चिकटवायची टेपसुद्धा त्याने मागवली होती.

"अरे, मोठ्या कानांची माणसं भाग्यवान असतात," आई म्हणाली.

"आई, प्लीज."

बाबा नुसता आपला कान चोळत बसले.

माझ्या तर नाकावरच राग. मी म्हटलं, "तुझे कान कोण बघणार आहे? आणि बघितले तर काय झिजणार आहेत?"

"अच्छा? मग करोल बागेत तू पार्लरवालीला रील का दाखवलीस? कान बिल्कुल नहीं दिखने चाहिए, असं तूच म्हणत होतीस. मी पिशव्या धरून तिथेच उभा होतो."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला लाज वाटलीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. ॲप आत्ताचं. त्याच्या आधीपासून तो मला आरशासमोर कानांवर केस ओढताना बघत होता.

लग्नाच्या सकाळी पार्लरवाली रीलमधल्यासारखे केस कानांवर आणायला लागली. मी म्हटलं, "कान खुले रखो."

"मॅडम, पर रील में तो..."

"रील रहने दो."

तिने केस मागे ओढून अंबाडा घातला, गजरा माळला, आजीच्या मोत्यांच्या कुड्या घातल्या. आरशात माझे कान होते तेवढेच होते. आधी मला बघवेना. मग हळूहळू कुड्या दिसायला लागल्या, आणि त्या छान दिसत होत्या.

मांडवात गुरुजींनी विचारलं, "नवरीचा भाऊ कुठे आहे?" ठरल्याप्रमाणे शशिकांत बाह्या सावरत उठला. श्रीरंग मागे खांबाला टेकून उभा होता, केस कानांवर ओढून. मी हाक मारली नाही. फक्त मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

तो माझ्या कानांकडे बघत राहिला. मग त्याचा हात कानामागे गेला. टेप ओढताना त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. ती खिशात कोंबून तो पुढे आला आणि शशिकांतला म्हणाला, "दादा, बस. हे माझं काम आहे."

माझ्या नवऱ्याचे, विश्वासचे कान छोटे आणि रेखीव, जाहिरातीतल्यासारखे. श्रीरंगने त्यातला एक असा पिळला की विश्वास कळवळला.

"जीजू, ताईला त्रास दिलात तर रोज पिळेन."

"अजून थोडा ओढ," लालभडक कान चोळत विश्वास म्हणाला. "या घरात एवढ्याशा कानाने माझा कसा निभाव लागणार?"

सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले. नेमका तोच फोटो निघाला: आम्ही तिघं आपापल्या कानांसकट, आणि विश्वासचा एक लाल.

तो फोटो श्रीरंगने स्वतःच इन्स्टावर टाकला. खाली त्याच्या वर्गातल्या कुणीतरी लिहिलं, "भाई, कान देख अपने." याने उत्तर दिलं, "पापा के हैं."

मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ कान चोळत हसत राहिले.