वांग्यांची साक्ष

एकोणीसशे एकतीसच्या हिवाळ्यात आमच्या गावाने इंग्रजी शाळा काढायची ठरवली. कमिटीत इंग्रजी येणारा एकही नव्हता, त्यामुळे मास्तर निवडताना पक्षपात होणार नाही याची सर्वांना खात्री होती.

उमेदवार दोन. एक अमळनेरचा रतिलाल, कोट घालून आलेला. दुसरा आमचा गिरधर, मॅट्रिक होऊन घरी बसलेला. ही नोकरी हुकली तर उद्यापासून नांगर धर, असे बापाने त्याला सांगून ठेवले होते. बैलांनाही तसे कळवले होते.

परीक्षा मळ्यात, भरीत-भाकरीच्या जेवणाआधी. चेअरमन चुडामण आबांनी डिक्शनरी उघडली आणि डोळे मिटून बोट ठेवले. दोघांनीही बोटाखालचा शब्द ‘पॉप’ असाच वाचला, तेव्हा तेवढे तरी खरे असावे. आबांनी विचारले, ह्याचा अर्थ काय, आणि हा आला कुठून? बैल घेतानाही आबा असेच मूळ गाव विचारत.

रतिलालने अर्थ बरोबर सांगितला, फट्कन फुटणे. मग म्हणाला, शब्द मूळचा लॅटिन, फ्रान्समार्गे विलायतेत उतरला. वाटेतले राजे आणि लढाया त्याने अशा रंगवल्या की वांगी भाजायला बसलेले झुलाल नाना हातातला बाभळीचा काटा विसरले. टोचे मारल्याशिवाय वांगे जाळात घालू नये, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. नानांनी टोपलीभर वांगी तशीच कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळात लोटली आणि पुढची लढाई ऐकू लागले.

गिरधर म्हणाला, लॅटिन नाही आणि फ्रान्सही नाही. वस्तू फुटताना जो आवाज करते, तोच उचलून इंग्रजांनी शब्द म्हणून ठेवला.

कमिटी नाराज झाली. एवढे राज्य चालवणारा माणूस शब्द असा रस्त्यावरून उचलेल का, असे कमिटीतला भाईदास म्हणाला. रतिलालचा शब्द निदान प्रवास करून आला होता.

गिरधरने मान खाली घातली. समोर जाळात वांगी होती. फुगलेली, टचटचीत, एकालाही भोक नाही. त्याने मान वर केली.

"आबा, कुठून आला ते शब्द स्वतःच सांगेल. तुम्ही फक्त जरा मागे सरका."

उमेदवाराच्या सांगण्यावरून कमिटी सरकत नसते.

पॉप.

पहिले वांगे आबांच्या पागोट्यावर गेले, दुसरे रतिलालच्या कोटावर. मग टोपलीभर वांगी एकामागून एक बोलत गेली, आणि प्रत्येकाचा उच्चार शुद्ध. आधी कमिटीने तोंडे झाकली. चौथ्या-पाचव्या वांग्यापासून कमिटीही वांग्यांबरोबर ‘पॉप’ म्हणू लागली.

आबांनी मिशीतले बी काढले आणि निकाल दिला.

"हाऊ शबद आपलाच मळामा पैदा व्हयना. मास्तर गिरधर."

कोरडी भाकरी खाऊन कमिटीने गिरधरला खांद्यावर घेतले आणि गावभर मिरवले. घोषणा एकच होती, तीही इंग्रजीत. सर्वांत मोठा आवाज रतिलालचा. आता साक्षीदार अंगावरच आल्यावर तो तरी काय करणार?