डोकं नसलेला पुतळा

आता कपडे तयार मिळतात. दुकानात जायचं, टांगलेल्यातला एक काढायचा, आरशासमोर उभं राहायचं आणि बसत नसला तर आपलंच शरीर चुकलं असं समजून घरी यायचं. आमच्या वेळी शरीर बरोबर असायचं, चूक शिवणाऱ्याची असायची. आणि आमच्या मालकांना चूक अजिबात खपत नसे, स्वतःची सोडून.

दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी माझ्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे ताईचं मशीन. शेजारी माझं. समोर काजकाकू काज-बटणं करायच्या, लांब टेबलावर कटिंगमास्तर कात्री चालवायचे. कोपऱ्यात लाकडी पुतळा. त्याला खांदे होते, छाती होती, डोकं नव्हतं. मालक म्हणायचे, "दुकानात सगळ्यांत शहाणा तोच. उलट बोलत नाही."

मालकांचा एक नियम होता. अंगावर घालून पाहिल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जायचा नाही. गिऱ्हाईक आलं तर गिऱ्हाइकाच्या, नाहीतर पुतळ्याच्या, तेही जमलं नाही तर आमच्यापैकी कोणाच्या तरी. एकदा कटिंगमास्तरांना नवरीचा झगा घालावा लागला होता. खरं सांगायचं तर तो नवरीपेक्षा त्यांनाच बरा दिसला.

एका सकाळी मालक काखेत काळ्या कापडाची गुंडाळी मारून आले. चेहरा कसा, जावई पसंत पडल्यासारखा.

"तुरुंगाचं काम मिळालं! एकदा सरकारात पाय शिरला की मग कैद्यांचे कपडे, पहारेकऱ्यांचे कपडे, सगळं आपलंच. आज फक्त एक पिशवी. तोंडाला नाडी."

ताईने कापड चिमटीत धरून पाहिलं. "पिशवीला एवढं मऊ? भरायचंय काय त्यात?"

मालक पंख्याकडे बघू लागले. "भरायचं नाही गं. वरून घालायची. टोपीसारखी, जरा खालपर्यंत."

"कोणाला?"

"एकाला फाशी आहे."

आमची मशिनं थांबली. ताईने कापड घडी करून टेबलावर ठेवलं.

"हे माझ्याच्याने होणार नाही, मालक. माणूस मारायच्या कामाला माझा टाका लागणार नाही."

"तू कुठे मारतेयस? तू शिवतेयस!"

"तेवढंच माझ्या हातात आहे ना. म्हणून तेवढ्यालाच नाही म्हणते."

"अगं, त्याने खून केलाय!"

"त्याने केला असेल. मला करायचा नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस. मशीनला बसायला बाया खूप आहेत."

भावजी पाठीच्या दुखण्याने अंथरुणावर होते. ताईचं घर त्या मशीनच्या पायडलवर चालायचं, हे मालकांना चांगलं ठाऊक होतं. ताई म्हणाली, "बरं. हातातली कॉलर पुरी करून जाते," आणि खरंच कॉलरला बसली. कॉलर अर्धी सोडणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. आमच्या घराण्यात तत्त्वं जरा जास्तच झाली होती.

मालक काजकाकूंकडे वळले. काकू देवाचं नाव घेतल्याशिवाय सुईत दोरा ओवत नसत. "माझी काही ना नाही हो," त्या म्हणाल्या, "पण पिशवीला काज कुठे असतं? मी आपली काजापुरती."

कटिंगमास्तर म्हणाले, "मी कापून देतो. कापणं वेगळं, शिवणं वेगळं. माझं मन साफ आहे." त्यांचं मन कायमच साफ असे; फारसं वापरात नव्हतं.

"आणि तू गं?" मालकांनी मला विचारलं.

"ताईला विचारून सांगते."

"ती आत्ताच नाही म्हणाली की!"

"मग झालं तर."

शेवटी मालक स्वतःच मशीनला बसले. शिवण अशी गेली, की रस्त्यावर कोणी तसा चालला असता तर लोकांनी हात धरून घरी पोचवला असता. पण पिशवी झाली एकदाची. कागदात गुंडाळणार, तोच ताई मान वर न करता म्हणाली, "घालून बघितली नाहीत, मालक."

सगळ्यांनी पुतळ्याकडे पाहिलं. पुतळ्याला डोकं कुठलं! मग मालकांनी आमच्याकडे पाहिलं. काजकाकूंना एकाएकी खोकला आला. कटिंगमास्तर खाली पडलेली टाचणी शोधू लागले. ती पडलेलीच नव्हती.

"भित्रे कुठले! कापडच तर आहे," असं म्हणून मालकांनी पिशवी स्वतःच्या डोक्यात घातली.

कटिंगमास्तरांचा हात सवयीने पुढे गेला. "गळ्याशी सैल वाटतंय का, मालक?" म्हणत त्यांनी नाडी ओढली.

काळं कापड नाकाच्या जागी आत ओढलं जाई, बाहेर येई. मालकांचे दोन्ही हात हवेत काहीतरी शोधायला लागले.

"कोणी आहे का?" आतून आवाज आला. एवढ्या बारीक आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही सगळे होतो. ताई उठली. नाडीला गाठ बसली होती. तिने ती नखाने सोडवली आणि पिशवी वर काढली. मालकांचे केस उभे, कपाळ ओलं. ते पाणी प्यायले, परत प्यायले.

"कापड बरोबर नाही," ते म्हणाले. "श्वास कोंडतो. गिऱ्हाइकाची तक्रार येईल. काम परत करून टाकू."

"त्या गिऱ्हाइकाची तक्रार कशी येणार, मालक?" ताईने विचारलं.

मालकांनी पिशवी कागदात गुंडाळून बाजूला सारली. मग म्हणाले, "उद्या वेळेवर ये."

पिशवी पुढच्या चौकातल्या दुकानाने शिवून दिली. तिथे कोणालाच काही अडचण आली नाही, आणि तो माणूस ठरल्या दिवशी गेला. आमचे मालक मात्र पुढे जन्मभर येईल त्याला सांगत, "सरकारी काम पायाशी चालत आलं होतं, मी लाथाडलं. तत्त्वाचा प्रश्न होता." ताई मान खाली घालून पायडल मारत राही.

एक बदल मात्र झाला. महिन्याभरात मालकांनी सुताराकडून पुतळ्याला डोकं बसवून घेतलं. काजकाकूंचे डोळे भरून आले. "मनाला लागलं हो त्यांच्या," त्या म्हणाल्या.

"मनाला कसलं लागतंय," ताई म्हणाली. "पुढच्या कामाची सोय केलीय."