आज लई दिसलास

विश्वजीत सहा वर्षं गोव्यातल्या एका फुटबॉल क्लबात बचावपटू होता, आणि प्रत्येक सामन्यानंतर फुलंब्रीहून वडिलांचा, पुंजारामांचा, तोच फोन यायचा. "तू टीव्हीवर दिसत का नाय रं?"

"आबा, गोल मारणारे दिसतात. मी गोल अडवतो." हे सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं होतं.

एका रविवारी त्यानं घाईत समोरच्या खेळाडूला पाडलं. त्यांना पेनल्टी मिळाली, याला लाल कार्ड, आणि संघ हरला. तो डोकं धरून बसला असताना फोन वाजला.

"आज लई दिसलास! शहरात शहागंजातल्या टीव्हीच्या दुकानात बसून समद्यांना दाखवलं."

"आबा, माझ्यामुळं हरलो आम्ही!" तो खेकसला. "आता तुम्ही मैदानावरच या."

पुढच्या महिन्यात आबा खरंच आले. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. बाहेर पडताना ते म्हणाले, "तू तर सारखा वरडतच होतास."

"जागा सोडू नका म्हणून सांगावं लागतं."

"घसा बसला की." आबा चहाच्या टपरीकडं वळले. "आधी गरम पाणी पी. मग त्या दहा नंबरवाल्याला तू हलू कसं दिलं नाय, ते सांग."